लाकडी ठशांची छपाई: खेड्यात बसून, प्रेसशिवाय

कोरी_फळी | ८ मे, रात्री ९.४२
नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात मी चित्रकला शिकवतो. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करताना लिनोचा, म्हणजे मऊ लिनोलियमचा एक तुकडा कोरला होता, तेवढीच या कामाशी ओळख. आता सुट्टीत लाकडावर कोरून छापायला सुरुवात करायची आहे. जमलं तर पुढे आठवी-नववीच्या मुलांनाही दाखवीन. आमच्याकडे लाकडाला तोटा नाही, बाकी सगळ्याला आहे. प्रेस नाही, रोलर मिळत नाही, कागद म्हणजे कार्डशीट नाहीतर झेरॉक्सचा. जपानी कोरणींचा संच ऑनलाइन बघितला आणि किंमत वाचून मोबाइल खाली ठेवला.
तर विचारायचं हे की इथलं कुठलं लाकूड घ्यावं? सुताराच्या पटाश्यांवर भागेल का? शाई कुठली? आणि प्रेस नसताना छाप नीट उठतो का, की उगाच हौस?

रंधा | ८ मे, रात्री १०.३०
सुताराच्या घरचा आहे म्हणून लाकडाचं तेवढं सांगतो, चित्रातलं मला कळत नाही. सागाच्या मागे लागू नका. सगळे तोच सांगतील, कारण बल्लारपूर-आलापल्लीचा साग नावाजलेला, अयोध्येच्या मंदिरालाही इथूनच गेला. पण साग दाराखिडक्यांना. त्यात सिलिका असते, हत्याराची धार बघता बघता जाते. रेषाही भरड, बारीक कोरायला गेलात की कडेची ढलपी उडते.
शिवण घ्या. हलकी, मऊ, वाळल्यावर फारशी पिळत नाही. तान्ह्या पोळ्याचे लहान नंदी आम्ही शिवणीचेच करतो. त्याहून बारीक काम करायचं तर हळदू. पिवळसर, घट्ट, दाणा एकसारखा, पूर्वी फण्या त्याच्या व्हायच्या. पण हळदू मिळाला तर नशीब. फळी पाऊण ते एक इंच जाड, चांगली वाळलेली आणि रंधा मारून सपाट केलेली हवी.
आणि जंगलात पडलेला ओंडका उचलून आणू नका. पडलेला असला तरी तो वनखात्याचा, गुन्हा दाखल होतो. फर्निचरवाल्याकडे कापलेले तुकडे असतात, ते वजनावर देतो. ठशाला तेवढे पुरतात.

तिरकी_रेघ | ८ मे, रात्री ११.१५
लाकडाबद्दल रंधा यांच्याशी सहमत, फक्त सागाची थोडी बाजू घेतो. भरड रेषा हा नेहमी दोषच नसतो. आभाळ, पाणी, नांगरलेलं वावर छापायचं असेल तर सागाची किंवा पाइनची फळी तारेच्या ब्रशने रेषेच्या दिशेत घासा. मऊ भाग निघून जातो, कठीण रेषा वर राहतात आणि न कोरता पोत मिळतो. एडवर्ड मुंकच्या छापांत लाकडाच्या रेषा अशाच मोकळ्या दिसतात. तो आणखी एक करायचा. फळी करवतीने आकारानुसार कापायची, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावायचा, तुकडे परत जुळवायचे आणि एकदाच छापायचं. गावात कुणाकडे जिगसॉ (वळणावर कापणारी बारीक करवत) असेल तर अनेक रंगांचा इतका सोपा रस्ता दुसरा नाही.
एक फरक आधीच लक्षात घ्या. फळीच्या लांबीच्या बाजूवर कोरतात ते वूडकट. खोडाच्या आडव्या कापावर कोरतात ते वूड एन्ग्रेव्हिंग, त्याला बॉक्सवूडसारखं अतिघट्ट लाकूड आणि वेगळी हत्यारं लागतात. हरेन दास यांची बंगालच्या खेड्यांची केसासारखी बारीक एन्ग्रेव्हिंग पाहायची आणि शिवणीच्या फळीवर तसं करायला जायचं, यात माणूस निराश होतो आणि दोष लाकडाला देतो.
पहिलं चित्र पांढऱ्या रेषेचं करा. नंदलाल बोस यांचं १९३० चं काठी घेऊन निघालेल्या बापूजींचं चित्र तुम्ही वर्गात दाखवतच असाल. ते लिनोकट आहे, पण शिकायला तेच उत्तम. जमीन काळी, आकृती पांढऱ्या रेषांची. जिथं हत्यार फिरलं तिथं पांढरं. काळी रेष उभी ठेवायची तर तिच्या दोन्ही अंगांनी कोरावं लागतं आणि एक हात चुकला की रेष गेली.

वऱ्हाडी_ठसा | ९ मे, सकाळी ७.०५
गुरुजी, त्या जपानी सेटमागं कायले लागता? घरात मोडकी छत्री असनच. तिच्या लोखंडी काड्या पाहा, आतून पोकळ पन्हाळीवानी रायतात. बोटाएवढा तुकडा काढा, टोक तिरकं घासा, मंग लाकडी मुठीत ठोका. झाली गोल कोरणी. आमच्या कॉलेजात अर्धे पोट्टे यावरच शिकले. चाकूसाठी हॅक्सॉचं तुटकं ब्लेड घ्या. ग्राइंडरवर घासतानी घडीघडी पाण्यात बुडवा, निळं पडलं का पोलाद मऊ झालं समजा.

तिरकी_रेघ | ९ मे, सकाळी ९.२०
छत्रीची काडी लिनोवर आणि शिवणीवर चालेल, हळदूवर नाही. तिचं लोखंड मऊ असतं, टोक वाकतं. पण सुरुवातीला चालेल, कारण खरं शिकायचं आहे ते धार लावणं, आणि ते स्वस्त हत्यारावर शिकलेलं बरं.
यावर जरा सविस्तर लिहितो. नवखा माणूस शाई, कागद, लाकूड यांवर महिनाभर चर्चा करतो आणि बोथट हत्याराने कोरतो. बोथट हत्याराला जोर लागतो, जोर लावला की ते घसरतं. लाकूड चिरडतं, रेषेची कड फाटते आणि छापल्यावर ती कड मळकट दिसते. शाई खराब आहे असं वाटतं, पण शाईचा काही संबंध नसतो.
सपाट चाकू दगडावर कोन न बदलता घासायचा. गोल कोरणी घासताना मनगटाने हळू गोल फिरवायची, म्हणजे पूर्ण कड सारखी घासली जाते. घासताना आतल्या बाजूला धातूची बारीक बुर येते. ती काढायला पेन्सिलीला बारीक पॉलिशपेपर गुंडाळून आतून फिरवा. व्ही आकाराची कोरणी म्हणजे दोन पटाश्या एका टोकाला जोडलेल्या. दोन्ही बाजू सारख्या घासल्या नाहीत तर मधोमध नख उरतं आणि ते लाकूड ओरबाडतं. नवशिक्याने व्ही शेवटी घ्यावी. जुन्या कातडी पट्ट्याचा तुकडा फळीला चिकटवून त्यावर धातू चमकवायचं पॉलिश चोळा आणि कोरताना दर पंधरा-वीस मिनिटांनी हत्यार त्यावर उलट दिशेने ओढा. एवढं पाळलंत तर दगडाकडे क्वचित जावं लागेल.
सुताराची पटाशी मोठी रिकामी जागा काढायला छान. रेषेजवळ नको.
रेष ठेवताना चाकू बाहेरच्या बाजूला कलता धरा. रेषेची भिंत वर निमुळती, बुडाशी रुंद राहायला हवी. आतून पोखरली गेली तर दहा छापांत ती रेष तुटून शाईत येते. आणि दुसरा हात कायम हत्याराच्या मागे. पुढे कधीच नाही. मुलांच्या बाबतीत हा नियम मोडणाऱ्याच्या हातातून हत्यार काढून घ्या.

मोहफूल | ९ मे, दुपारी १.१०
आठवीच्या मुलांना एकदम कोरणी देऊ नका हो. आधी चपलेच्या जुन्या रबरी तळव्यावर किंवा पॅकिंगच्या फोमच्या शीटवर बॉलपेनने दाबून रेघा काढू द्या. शाई लावली की दाबलेली रेघ पांढरी येते. उलटसुलट, काळं-पांढरं हे सगळं त्यात कळतं आणि बोटं शाबूत राहतात.

कोरी_फळी | १६ मे, रात्री ८.५०
सगळ्यांचे आभार. फर्निचरवाल्याकडून शिवणीचे तुकडे आणले. एक मोठी फळी पडवीत ठेवली होती, ती मधोमध खोलगट झाली. इकडे पारा पंचेचाळिसाच्या वर आहे. फळी गेली का आता?

रंधा | १६ मे, रात्री ९.३०
गेली नाही. खोलगट झाली ती बाजू जास्त वाळली, एवढंच. त्या बाजूवर ओलं फडकं टाका, दुसरी बाजू कोरडी राहू द्या. सरळ झाली की दोन पाट्यांत दाबून सावलीत ठेवा. वाऱ्याच्या झोतात नको, कूलरसमोर तर नकोच. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा दोन्ही बाजूंना आणि कडांनाही मारा. एकच बाजू मारलीत तर परत वळेल. चपडा म्हणजे लाखच, गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर होते ती. त्याने लाकडाचे दाणेही घट्ट बसतात, कोरताना ढलप्या कमी निघतात आणि फळी शाई कमी पिते.

खिळाछाप | १७ मे, सकाळी ६.४०
हिंगणघाटला आमचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा छापखाना होता. लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, निवडणुकीचे हँडबिल. ऑफसेट आलं, आमचं ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) भंगारात गेलं. शाई आणि दाब यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.
शाईसाठी आर्टच्या दुकानात जाऊ नका. नागपुरात छपाईचं साहित्य विकणाऱ्यांकडे ऑफसेटची काळी शाई डब्यात मिळते, एक किलो तुम्हाला वर्षानुवर्षे पुरेल. ती उन्हाळ्यात पातळ पडते, मग रेषांच्या मधल्या खाचा भरतात. अशा वेळी मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळा, जिममधली पोरं हाताला फासतात तीच पांढरी पावडर. थंडीत उलटं होतं, शाई चिकट होऊन कागदाचे धागे उपटते, तेव्हा जवसाच्या तेलाचे दोन थेंब.
काचेच्या तुकड्यावर शाई पातळ पसरा आणि रोलर फिरवताना कान द्या. थर योग्य असला की बारीक, एकसारखा चर्र आवाज येतो. चपचप आवाज आला की शाई जास्त. ठशावर एकदम जाड थर द्यायचा नाही, पातळ थर तीन-चारदा, दिशा बदलून. पहिले काही छाप फिकेच येतात, लाकूड शाई पीत असतं. ते फेकू नका, त्यावरून कुठं कोरायचं राहिलं ते दिसतं.
दाबाला स्टीलचा चमचा किंवा लाकडी डाव पुरेसा आहे. कागद ठशावर ठेवायचा, वरून बटर पेपर, मग मधून कडेकडे लहान गोल घासत जायचं. एक कोपरा धरून अर्धा कागद उचलून बघायचा, फिकं असेल तिथं परत शाई लावून कागद तसाच खाली सोडायचा. ही चैन आमच्या यंत्राला नव्हती.
तालुक्याच्या गावात एखादा जुना प्रूफ प्रेस (चाचणीचा छाप काढायचं हातयंत्र) भंगारात पडलेला सापडला तर सोडू नका. फक्त त्याची रचना खिळ्याच्या उंचीला असते, ०.९१८ इंच. फळी त्याहून पातळ असली तर खाली पुठ्ठे घालून उंची करा. जाड असली तर रंधा यांच्याकडे जा.

वऱ्हाडी_ठसा | १७ मे, सकाळी ८.००
काका, लाटणं फिरवलं तं जमन का? पोट्टे इचारतात.

खिळाछाप | १७ मे, सकाळी ८.१२
नाही. लाटण्याने कागद पुढे सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं.

जवसफूल | १७ मे, रात्री १०.०५
तेलाच्या शाईचा विषय निघाला म्हणून एक धोक्याची सूचना, खास करून आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता आग लागू शकते. ही ऐकीव गोष्ट नाही, रसायनशास्त्र आहे. चिंध्या एकेक करून मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवा. शाळेच्या खोलीत काम करणार असाल तर हे आधी.
सफाईलाही रॉकेल-थिनरची गरज नाही. स्वयंपाकघरातलं उरलेलं सोयाबीन तेल शाईवर चोळा, शाई सुटते, मग भांड्याच्या साबणाने रोलर धुवा. ठसा मात्र पाण्याने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा.
आणखी एक गंमत. लिनोलियमसुद्धा जवसाच्याच तेलापासून होतं. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने तेल घट्ट करून त्यात बुचाचा भुसा मिसळला आणि तागाच्या कापडावर थापला. आमच्या भंडारा जिल्ह्यात धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर जवस फेकतात. निळी फुलं येतात तेव्हा मला दर वेळी शाईचा डबा आठवतो. आता बाजारात लिनोलियम म्हणून जमिनीवर घालायला विकतात ते बहुतेक पीव्हीसी असतं, ते कोरायला घेऊ नका.

ओला_कागद | १८ मे, दुपारी ३.२५
सगळा धागा वाचला. शाई, तेल, रोलर, रॉकेल, आग! इतकं सगळं कशाला? जपानी पद्धतीत यातलं काहीच लागत नाही. पाण्यात कालवलेला रंग, तांदळाची खळ, ब्रश आणि ओलसर कागद. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात बसून तांदळाची वानवा आहे का? खळ पातळ, गाळून घ्यायची. ब्रश म्हणून घोड्याच्या केसांचा बूट पॉलिशचा नवा ब्रश. त्याची टोकं तव्यावर किंचित जाळून, मग पॉलिशपेपरवर घासून मऊ करायची. ठशावर रंगाचे थेंब आणि खळीचा ठिपका टाकायचा, ब्रशने एकजीव पसरायचं, कागद ठेवायचा, बारेनने (बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या गोल घासणीने) घासायचं. वास नाही, रंग लगेच वाळतो, आणि कागदाच्या अंगात मुरतो. तेलाची शाई वर बसून राहते.
रंग जुळवायला केंतो. ठशाच्या कडेलाच कोपऱ्याची एक खाच आणि थोड्या अंतरावर एक सरळ खाच कोरायची, दर वेळी कागद त्या दोन खाचांत टेकवून खाली सोडायचा. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ ची, अशाच खाचांवर जुळवून छापलेली आहे. अनेक ठसे, एकही यंत्र नाही.

खिळाछाप | १८ मे, सायंकाळी ६.३०
आज हिंगणघाटला दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. तुमची खळ ठशावरच पापड होईल. तुम्ही कुठे छापता, महाबळेश्वरला?

ओला_कागद | १८ मे, रात्री ९.००
अमरावतीला! काका, मे महिन्यात मी छापतच नाही. मे महिना कोरायला आणि धार लावायला. छपाई जुलै ते सप्टेंबर, हवेत ओल असते तेव्हा. कागद आदल्या रात्री एकआड एक ओला करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवायचा, सकाळी सगळी चळत सारखी ओलसर होते. दोन-तीन दिवसांत काम संपवायचं नाहीतर बुरशी, आणि काम अर्धवट राहिलं तर चळत फ्रिजमध्ये.
होकुसाईकडे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक वेगळा होता हेही खरं. त्यामुळे त्याच्यासारखं निघत नाही म्हणून खचू नये. मला शिको मुनाकाता जवळचा वाटतो. दृष्टी इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा, मऊ लाकडावर भराभर, आणि कागदाच्या मागून रंग भरायचा. १९५६ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात छापचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं.

खिळाछाप | १८ मे, रात्री ९.२०
जुलै-सप्टेंबर म्हणता तर पटतं. त्याच महिन्यांत आमची तेलाची शाई वाळता वाळत नाही, पत्रिका एकमेकींना चिकटायच्या. आमचा हंगाम दिवाळी ते होळी.

तिरकी_रेघ | १८ मे, रात्री १०.४०
मग भांडण मिटलं की. उन्हाळ्यात कोरा, पावसाळ्यात पाण्याने छापा, हिवाळ्यात तेलाने. पुण्या-मुंबईचे प्रिंटमेकर हे वेळापत्रक पाळत नाहीत, त्यांना ते लागतही नाही. आपल्याला लागतं. गुरुजी, तुम्ही शिवण मे महिन्यात कोरून टाका आणि पहिल्या पावसाची वाट बघा.

कोरी_फळी | १९ मे, रात्री ८.१५
हे मला फार आवडलं. कागदाचं कुणीच बोललं नाही पण. आणि बांबूच्या सालीचं बारेन आपल्या बांबूपासून होईल का? गडचिरोलीच्या बाजूला बांबूच बांबू.

मोहफूल | १९ मे, रात्री ९.१०
जपानात कोंबावरचं रुंद आवरण घेतात, साल नाही. आपल्या मानवेल बांबूची आवरणं अरुंद आणि त्यावर बारीक कुसळं, हाताला खाज सुटते. मी गोल पुठ्ठ्यावर सुतळी आवळून गोलगोल चिकटवली आणि वरून गुळगुळीत सुती कापड ताणून बांधलं. मोठ्या सपाट भागाला चालतं. काठावर मात्र चमचाच.

तिरकी_रेघ | २० मे, सकाळी १०.००
कागद. इथं पैसे घाला, हत्यारात वाचवा.
चमच्याने छापायचं तर कागद पातळ पण चिवट हवा, साधारण ४० ते ९० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये). नेपाळी लोकता सगळ्यात बरा. लांब धाग्यांचा असतो, ओला झाला तरी फाटत नाही. झेरॉक्सचा कागद प्रूफपुरता ठीक, पुढे पिवळा पडतो. कार्डशीट विसरा.
आपण कापसाच्या मुलखातले, आणि सुती चिंध्यांचा हातकागद इथंच वाढला. १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ सुरू झाला, मगनवाडीत गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली इतर ग्रामोद्योगांसोबत हातकागदाचंही काम झालं. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली. त्या जातीचा सुती कागद टिकतो, रंगही छान धरतो. पण बाजारात मिळतो तो बहुधा जाड आणि खडबडीत असतो, कोरडा ठेवून चमच्याने घासलात तर फक्त उंचवटे छापले जातात. तो ओलसर करून प्रेसमधून काढायचा. म्हणून विकत घेताना सगळ्यात पातळ आणि रोलरखाली गुळगुळीत केलेला मागा, एक ताव आणून आधी घासून बघा, मगच रीम घ्या.
ज्याला मोठ्या प्रेसवर काम करून पाहायचंय त्याने भोपाळच्या भारत भवनात चौकशी करावी. तिथं ग्राफिकची कार्यशाळा आहे, आणि नागपूरहून रेल्वेने मुंबईपेक्षा भोपाळ खूप जवळ.

कोरी_फळी | २९ जून, रात्री ९.३५
धागा वर काढतोय. रोवणीआधीचं वावर कोरलं, पांढऱ्या रेषेत. चिखल सगळा काळा, बैल आणि माणसाची फक्त कडा. पाऊस लागल्याबरोबर पाण्याच्या रंगाने छापलं. फोटो चिकटवला आहे, मोकळेपणाने बोला.

खिळाछाप | ३० जून, सकाळी ६.५५
काळा भाग ठिपकेदार आलाय. खळ कमी पडली किंवा कागद कोरडा. बैलाची पाठ मात्र अशी कोरलीय की मला आमच्या शेतावर गेल्यासारखं झालं.

ओला_कागद | ३० जून, सकाळी ९.१५
ठिपक्यांना जपानी लोक तिळासारखं म्हणतात आणि मुद्दामही आणतात. चिखलाला शोभतंय, बदलू नका. पुढच्या छापांत एकसंध काळं हवं असेल तर खळ वाढवा आणि जोर द्या.

वऱ्हाडी_ठसा | ३० जून, रात्री ८.४०
एक इचारू? आमच्या मूर्तिजापूरले सीएनसीवाला (काम्प्युटरवर चालनारी कोरायची मशीन) हाये, दारावरच्या डिझाइन एमडीएफवर (दाबलेल्या भुशाच्या पाटीवर) कोरते. त्याच्याकडून ठसा कोरून आणला तं चालन का? मुलीच्या लग्नाची पत्रिका करावी म्हणतो.

रंधा | ३० जून, रात्री ९.०५
पत्रिकेला चालेल. पण मग ते तुम्ही कोरलं म्हणू नका.

तिरकी_रेघ | ३० जून, रात्री १०.२०
मशीनचा विटाळ मानायचं कारण नाही, होकुसाईनेही स्वतः कोरलं नव्हतं. अडचण तांत्रिक आहे. सीएनसीचा फिरता बिट आतला टोकदार कोपरा काढू शकत नाही, तो गोलच येतो. देवनागरीच्या गाठी आणि वळणं त्यात थुलथुलीत दिसतात. कोपरे नंतर चाकूने साफ करा. आणि एमडीएफचा भुसा नाकात जाऊ देऊ नका.
अक्षरं हाताने कोरायची असतील तर उलटं काढत बसू नका. लेझर प्रिंटरवर सरळ मजकूर काढा, तो पालथा ठशावर चिकटपट्टीने पक्का करा, मागून थिनरचा बोळा फिरवून चमच्याने घासा. टोनर लाकडावर उतरतो, आपोआप उलटा. छापल्यावर सरळ. इंकजेटचा प्रिंट चालत नाही.

मोहफूल | ५ जुलै, रात्री ९.००
एक सुचवते. इतके जण वेगवेगळ्या गावांत बसून कोरतोय, एकमेकांचं काम फक्त मोबाइलवर बघतोय. मोबाइलवर शाईचा थर दिसत नाही, कागदाचा मागचा भाग दिसत नाही. छापांची अदलाबदल करू या का? दहा जण, प्रत्येकाने एकाच ठशाचे बारा छाप काढायचे. दहा वाटपाला, एक कुठे प्रदर्शन लागलं तर त्यासाठी, एक वाटेत खराब झाला तर. सगळ्यांनी एका ठिकाणी पाठवायचे, तिथून प्रत्येकाला दहाचा संच परत.

ओला_कागद | ५ जुलै, रात्री ९.२०
मी आहे. कागदाचा आकार सगळ्यांचा एकच ठेवा, ठसा कितीही लहान असो. नाहीतर संच रचताना छोट्यांच्या कडा दुमडतात.

खिळाछाप | ५ जुलै, रात्री ९.५०
मीही. पण नियम कडक ठेवा, आमच्या धंद्यात वायद्याने माणसं बुडाली. ज्याचे छाप आले नाहीत त्याला संच नाही. परतीच्या टपालाचे पैसे आधी.

कोरी_फळी | ५ जुलै, रात्री १०.१५
मनापासून यायचंय, पण संकोच वाटतो. तिरकी_रेघ यांचा छाप मला मिळणार आणि माझा त्यांना, हा सौदा बरोबरीचा नाही.

तिरकी_रेघ | ५ जुलै, रात्री १०.४५
सौदा म्हणून बघितलंत तर नाहीच. मला तुमचा चिखल हवा आहे. फक्त बाराही छाप एकसारखे असावेत, एवढीच अट. एक गडद, एक फिका असं नको. ते साधलं की तुम्ही छापणारे झालात.
छापाखाली डावीकडे क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही. ३/१२ म्हणजे बारांतला तिसरा. बारा म्हटलं की बाराच, नंतर त्याच ठशाचे आणखी काढून विकायचे नाहीत. रिडक्शन करणाऱ्यांनी, म्हणजे एकाच फळीवर कोरत-छापत पुढे जाणाऱ्यांनी, पहिल्या रंगाला वीस तरी कागद घ्यावेत. शेवटपर्यंत काही वाया जाणारच आणि मागे फिरता येत नाही.

जवसफूल | ६ जुलै, सकाळी ७.३०
मुदत? दिवाळीनंतर लगेच ठेवली तर मी बाद. धान कापणी, चुरणे, सगळं तेव्हाच.

वऱ्हाडी_ठसा | ६ जुलै, सकाळी ७.४५
आमचा कापूस तवाच. मजूर भेटत नाई, घरचेच वेचाले जातात. संक्रांतीनंतर ठेवा बाप्पा.

मोहफूल | ६ जुलै, रात्री ९.३०
ठरलं तर. छाप ३१ जानेवारीपर्यंत पोचायला हवेत. तेलाने छापणाऱ्यांना हिवाळा मिळतो आणि पाठवायच्या आधी शाई वाळायलाही वेळ राहतो. कागद १५ बाय २१ सेंमी. विषय मोकळा. हाताने कोरलेला ठसा, लाकूड, एमडीएफ किंवा लिनो. पत्ता मी व्यक्तिगत निरोपात देईन, धाग्यावर कुणी फोन नंबर टाकू नका.
गुंडाळीच्या नळीत पाठवू नका, जाड शाई तडकते. कागदापेक्षा दोन बोटं मोठे पुठ्ठे दोन्ही बाजूंनी, छापांमध्ये बटर पेपर, बाहेरून प्लॅस्टिक. रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्टर मागून वाद घालू नका, स्पीड पोस्ट करा आणि पावतीचा फोटो ठेवा.

रंधा | ६ जुलै, रात्री ९.४०
मला चित्र येत नाही, पण दहा जणांच्या फळ्या तासून देतो. सगळ्या एका जाडीच्या, ०.९१८ इंच, काकांचा प्रेस सापडला तर कामी येतील. लाकूड तुम्ही आणा.

खिळाछाप | ६ जुलै, रात्री ९.४४
रंधा, तू पण एक कोर. नंदी कोरतोस तर फळीवर का नाही?

कोरी_फळी | ७ जुलै, सायंकाळी ५.२०
मीही नाव देतो. दहावी जागा रिकामी असेल तर माझ्या नववीच्या वर्गाला द्याल का? फोम आणि चपलेच्या रबरावर छापताहेत, सगळे मिळून एकच चित्र. ठसा लाकडाचा नाही, म्हणून विचारलं.

मोहफूल | ७ जुलै, रात्री ८.५०
वर्गासाठी नियम सैल. मात्र बारा छाप आणि एकच आकार हे त्यांनाही लागू. सही सगळ्यांनी करायची असेल तर मागच्या बाजूला करा, खाली जागा पुरायची नाही. पेन्सिलीने, पेनाने नको. शाई कागदात पसरते.

कोरी_फळी | ७ जुलै, रात्री ९.०५
कळवतो. बत्तीस सह्या आहेत, १५ बाय २१ मध्ये बसवायला त्यांना आत्तापासून बारीक अक्षराचा सराव लावतो.